विटेआधी वेळापत्रक: ठाणे-नवी मुंबईतल्या कॅम्पसचा कार्बन खरोखर कमी करायचा तर

रविवारची रात्र, दीड वाजून गेलेला. खारघरमधल्या एका कॉलेजच्या मीटर रूममध्ये आम्ही तिघं उभे होतो: मी, तिथला इलेक्ट्रिशियन आणि झोपमोड झाल्यामुळे वैतागलेला वॉचमन. हॉस्टेल नाही, परीक्षा नाही, अख्ख्या कॅम्पसमध्ये माणसं म्हणाल तर आम्हीच. मीटरवर लोड होता ३८ किलोवॉट.

मग टॉर्च घेऊन मजले पालथे घातले. सर्व्हर रूममध्ये दोन मशीन आणि त्यांच्यासाठी १८ अंशांवर चालणारे दोन एसी. प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर कुणी पिणारं नसताना पाणी गार करत बसलेला. टॉयलेटचे एक्झॉस्ट चालू. कॉम्प्युटर लॅबमध्ये ओळीने मिणमिणणारे हिरवे दिवे. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लश गळत होता, त्यामुळे वरची टाकी उतरत होती आणि खालचा पंप रात्रभर उठबस करत होता. गेटवर संस्थेच्या नावाचा भलामोठा बोर्ड लखलखत होता, समोरच्या डोंगराला वाचता यावा म्हणून.

असं कॉलेज वर्षातले साधारण ६,२०० तास बंद असतं. त्याला ३८ ने गुणलं की जवळपास २ लाख ३५ हजार युनिट होतात, म्हणजे कुणालाही काहीही न शिकवता जळालेली वीज. त्याच आठवड्यात संस्थेच्या बैठकीत ‘ग्रीन कॅम्पस’ हा विषय होता आणि चर्चा चालली होती व्हर्टिकल गार्डनच्या टेंडरची.

माझं भांडण या क्रमाशी आहे. आपण कॅम्पस हरित करायला निघतो ते दिसणाऱ्या गोष्टींपासून: पॅनल, झाडं, कुंड्या. खरा कार्बन असतो मीटरमध्ये, वेळापत्रकात आणि प्लिंथ पडायच्या आधीच्या नकाशात. नवा कॅम्पस उभारत असाल किंवा तीस वर्षं जुना सुधारत असाल, पुढचा क्रम तोच ठेवा.

पहिली पायरी: हिशेब मांडा

कार्बन हिशेबाच्या रूढ पद्धतीत तीन कप्पे असतात. तुमच्या आवारात तुम्ही जे जाळता किंवा हवेत सोडता ते पहिल्यात: डीजी सेटचं (जनरेटरचं) डिझेल, कॅन्टीनचा गॅस, एसीमधून गळालेला वायू. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. तुमच्यामुळे पण तुमच्या हाताबाहेर होणारं सगळं तिसऱ्यात: मुलांचा प्रवास, बांधकामाचं साहित्य, कचरा.

गुणक लक्षात ठेवायला सोपे आहेत. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेलमागे २.७, पेट्रोलमागे २.३ आणि एक किलो एलपीजीमागे ३ किलो. समजा ४,००० मुलांचं, वर्षाला १० लाख युनिट वीज वापरणारं कॉलेज आहे (आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला). विजेचे झाले ७०० टन. ३,००० लिटर डिझेलचे ८ टन. १९ किलोचे ३३० सिलिंडर म्हणजे १९ टन. दुरुस्तीत आणि गळतीत गेलेला १० किलो आर-४१०ए वायू म्हणजे तब्बल २१ टन, कारण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. ४०० मुलं रोज २० किलोमीटर बाइकने, वर्षाला २०० दिवस आली तर ९२ टन.

आता झाडं. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो शोषतं. ५०० झाडांचे होतात १० टन. झाडं लावू नका असं म्हणत नाही, त्यांच्याकडे नंतर येतोच. पण ७०० समोर १० हा आकडा विश्वस्तांना एकदा फळ्यावर लिहून दाखवा.

हिशेबासाठी वर्षभराची बिलं पुरत नाहीत. एचटी (उच्चदाब) कनेक्शन असेल तर मीटरमधला लोड सर्व्हे मागा. महावितरणच्या भाषेत ‘एमआरआय डेटा’ म्हटलं की समजतं. त्यात दिवसाच्या ठरावीक अंतरांचा लोड नोंदलेला असतो. रविवार, दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्यातली मध्यरात्र वेगळी काढा. तिथे जो आकडा दिसेल तो तुमचा बेवारशी लोड. हा अर्ध्यावर आणायला बहुतेक वेळा टायमर, एक प्लंबर आणि चावी ताब्यात असलेला एक जबाबदार माणूस लागतो. नव्या कॅम्पसमध्ये तर इमारतवार आणि एसी, लाइट, पंप असे वेगळे सब-मीटर टेंडरमध्येच लिहा. नंतर पॅनल फोडून ते बसवणं कुणी करत नाही.

दुसरी पायरी: वेळापत्रक वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘जागा अपुरी पडते’ हे वाक्य प्रत्येक कॉलेजात ऐकू येतं आणि त्यातून सात मजली नवी विंग उगवते.

एक आठवडा चार विद्यार्थी नेमा. दिवसातून चार ठरलेल्या वेळी त्यांनी प्रत्येक खोलीत डोकवायचं आणि दोनच गोष्टी लिहायच्या: वर्ग चालू आहे का, किती डोकी आहेत. ६० खोल्या, आठवड्याला ४८ तास, म्हणजे २,८८० खोली-तास. वर्ग चालू सापडले १,४४० तास आणि त्यात बाकं भरलेली निम्मी, तर तुमच्या जागेचा खरा वापर झाला २५ टक्के. कागदावर मात्र एकही खोली रिकामी नसते, कारण प्रत्येक विभागाने आपापल्या खोल्यांना कुलूप लावलेलं असतं. खोल्या विभागांकडून काढून घेऊन एका सामायिक यादीत टाकणं हे काम राजकीय आहे, तांत्रिक नाही. प्राचार्यांना त्यात मदत लागते.

आपल्याकडची जुनी कॉलेजं हे आधीपासून करत आलीत. सकाळी ज्युनियर, दुपारी सीनियर, संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांचे वर्ग. एकच बाक तीनदा वापरायचा. पर्यावरणासाठी केलं नव्हतं, जागेच्या तंगीतून आलेलं शहाणपण होतं ते.

एवढा आटापिटा का? आरसीसी इमारतीच्या साहित्यातच चौरस मीटरमागे ढोबळ हिशेबाने ३०० ते ५०० किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. ५,००० चौरस मीटरची विंग म्हणजे सुमारे २,००० टन, म्हणजे वरच्या कॉलेजची जवळपास तीन वर्षांची वीज, तीही पहिला पंखा फिरायच्या आत. शिवाय पुढची पन्नास वर्षं तिचे दिवे, लिफ्ट आणि गळती तुमच्याच गळ्यात. न बांधलेली इमारत सगळ्यात हिरवी असते, फक्त तिच्या उद्‌घाटनाला कुणाला बोलवता येत नाही.

तिसरी पायरी: बांधायचंच असेल तर जागा पावसाळ्यात बघा

प्लॉट मार्चमध्ये बघून नकाशा करणारा आर्किटेक्ट बदला. जुलैत, भरतीच्या वेळी, गुडघाभर बूट घालून जा.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला. म्हणूनच सिडकोने, १९७० साली स्थापन झाल्यावर, नोडच्या (वसाहतींच्या) आखणीत होल्डिंग पॉन्ड धरले: भरतीत खाडीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी ओहोटीपर्यंत थांबावं म्हणून. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की गटारं उलटी वाहायला बघतात. वाशी, नेरुळ, सानपाड्याकडे सबस्टेशन आणि डीजी सेट बेसमेंटमध्ये ठेवणं म्हणजे स्वतःहून आपत्ती ओढवून घेणं. खारफुटीपासून ५० मीटरचा पट्टा तर न्यायालयाच्या आदेशानेच मोकळा ठेवायचा असतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे. खाडीला लागून कॅम्पस असेल तर रात्रीचे प्रखर दिवेसुद्धा जपून लावा.

डोंगराकडचे प्रश्न उलटे. खारघरच्या टेकड्या, पारसिक, येऊर: पाणी वरून धावत येतं. तिथले ओहोळ पाइपात कोंबू नका. आधी ओहोळ, मोठी झाडं आणि उतार नकाशावर काढा, उरलेल्या जागेत इमारत बसवा.

चौथी पायरी: ऊन अडवा, वारा येऊ द्या

आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावरून जातो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेला सरकतो. त्यामुळे लांबट इमारत पूर्व-पश्चिम पसरवून तोंडं उत्तर-दक्षिणेला करा. दक्षिणेला अडीच फुटांचा छज्जा ऑक्टोबरच्या दुपारी सुमारे पाच फूट सावली देतो, एवढ्यात खिडकी झाकते. पश्चिमेला मात्र छज्जा हतबल. चार वाजताचं ऊन आडवं घुसतं. त्या बाजूला जिने, टॉयलेट, स्टोअर रूम किंवा रुंद व्हरांडा टाका. पूर्ण काचेची पश्चिम भिंत हा आपल्या हवेत गुन्हा आहे, आणि सायन-पनवेल हायवेने जाताना असे बरेच गुन्हे दिसतात.

आपलं दुखणं कोरड्या उन्हापेक्षा दमटपणाचं. घाम वाळायला वारा लागतो. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला उघडा कॉरिडॉर ही जुनी शाळेची रचना म्हणूनच अजून चालते. दोन्ही भिंतींना खिडक्या आणि दाराच्या वर झडप असली की दुपारचा खाडीवरचा वारा आरपार जातो. मधोमध कॉरिडॉर आणि दोन्हीकडे वर्ग काढले की जागा वाचते आणि एसी अटळ होतो.

सिमेंटबद्दल थोडं. साध्या सिमेंटच्या (ओपीसीच्या) किलोमागे ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश (कोळशाची राख), पीएससीमध्ये त्याहून जास्त स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) चालतो, तेवढा कार्बन कमी. खाडीच्या खाऱ्या हवेत पीएससी टिकायलाही बरं. अट एकच: त्याला ताकद धरायला वेळ लागतो, म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि क्युरिंगचं पाणी चुकवायचं नाही. बिल्डिंग जूनच्या ॲडमिशनला तयार हवी म्हणून स्लॅब घाईने सोडणाऱ्यांना हे जमत नाही. ते जमवायचं असेल तर कामाचं वेळापत्रक एका पावसाळ्याने पुढे ढकला.

पाचवी पायरी: पंखे आधी, एसी नंतर, पॅनल त्यानंतर

साधा छताचा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक. १,५०० पंखे, रोज आठ तास, वर्षाला २२० दिवस: १ लाख १९ हजार युनिटांची बचत. एवढी वीज निर्माण करायला ८५ किलोवॉटचे पॅनल आणि ८५० चौरस मीटर गच्ची लागली असती. पंखे बदलल्याचा फोटो काढण्यासारखा नसतो, एवढंच.

एसी लावायचे तिथे २६ अंश आणि सोबत पंखा. प्रत्येक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं. नवा एसी घेताना वायू कोणता ते विचारा. आर-३२ चा परिणाम आर-४१०ए च्या तिसऱ्या हिश्श्याइतका आहे, आर-२९० चा नगण्य. आणि एएमसीमध्ये (वार्षिक देखभालीच्या करारात) एक ओळ घाला: वर्षात किती किलो वायू भरला ते बिलावर लिहायचं. ज्या मशीनला दरवर्षी वायू लागतो ते ‘टॉप-अप’ करायचं नसतं, त्याची गळती शोधायची असते.

सोलरकडे आता या. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर लागतात आणि आपल्याकडे वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट मिळतात. २,००० चौरस मीटर गच्चीतून टाक्या, लिफ्टच्या खोल्या आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या की १२० किलोवॉट बसतील, म्हणजे १ लाख ६८ हजार युनिट. दहा लाखांच्या खादाड कॅम्पसला हे तोंडी लावणं. सहा लाखांवर आलेल्या कॅम्पसला पोटभर नाही, पण चांगला हातभार.

इथे अनुभवाच्या चार गोष्टी. ठाणे-नवी मुंबईत गच्ची गळते म्हणून सर्रास वर पत्रा टाकतात. पत्रा आणि पॅनलचा सांगाडा एकाच डिझाइनमध्ये करा, दोन खर्च वाचतात. गच्ची उघडीच ठेवणार असाल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनल. पॅनल २५ वर्षं राहतात, वॉटरप्रूफिंग दहा, आणि मी एका ठिकाणी तीन वर्षांत सगळा सांगाडा उचकटून परत बसवताना पाहिला आहे. खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड सांगाडाच हवा आणि वाऱ्याचा हिशेब मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवून करा. चौथी गोष्ट कबुतरांची: पॅनलखाली जाळी पहिल्याच दिवशी लावा.

एक गंमत कुणी सांगत नाही. निर्मिती जोरात असते एप्रिल-मेमध्ये, नेमका कॅम्पस रिकामा असताना. म्हणून नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा करून घेण्याचा) अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करा आणि क्षमता मंजूर लोडच्या आत ठेवा. गच्ची अपुरी असेल तर १०० किलोवॉट किंवा जास्त मागणी असलेल्या ग्राहकाला २०२२ च्या नियमांखाली ग्रीन ओपन ॲक्सेसने बाहेरची सौर किंवा पवन वीज घेता येते. त्याचे करार पंधरा-वीस वर्षांचे असतात. सही करण्यापूर्वी व्हीलिंग (दुसऱ्याच्या तारांतून वीज आणण्याचा) आणि इतर आकार कोण भरणार ते सीएकडून वाचून घ्या.

सहावी पायरी: पाणी

वर्षाला अडीच मीटर पाऊस पडणाऱ्या गावात टँकर येतो, याची लाज वाटायला हवी. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २,००० चौरस मीटर गच्ची जुलैच्या ८०० मिलिमीटर पावसात, सांडलवंड धरूनही, १२ लाख ८० हजार लिटर देते. दिवसा येणाऱ्या माणसाला ४५ लिटर पाणी धरतात, त्यातलं २० लिटर फ्लशचं. ४,००० मुलांच्या फ्लशला महिन्याला २० लाख लिटर लागतं. टाकी लहान असली तर थोडं वाहून जाईलच, तरी पावसाळ्यातल्या फ्लशचा मोठा भार पागोळ्यांवर निघतो. त्यासाठी फ्लशची पाइपलाइन वेगळी हवी, आणि ती बांधतानाच टाकता येते.

रिचार्ज पिटबद्दल (पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याबद्दल) सावध राहा. खाडीकडच्या भरावाखाली चिकणमाती, भूजल वरच, त्यातही खारं. तिथे खड्डा खणून विटा-वाळू भरणं म्हणजे परवानगीच्या कागदापुरतं काम. तिथे साठवण करा. डोंगरपायथ्याला मुरूम असेल तिथे मुरवा.

हॉस्टेलचं सांडपाणी एसटीपीत (ते शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये) जातं आणि मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं. बॅक्टेरिया उपाशी मरतात, जूनमध्ये वास सुटतो, मग कुणीतरी ब्लोअर बंद करून टाकतं. एका मोठ्याऐवजी दोन छोटे प्लँट घ्या, सुट्टीत एक चालवा.

कचरा आणि कॅन्टीन

यात फार अडकू नका. रोज ५० किलो ओला कचरा निघत असेल तर त्याच्या बायोगॅसमधून ढोबळमानाने दोन किलो एलपीजीएवढं जळण मिळतं, आठ-दहा दिवसांना एक सिलिंडर. तंत्र जवळच आहे: तुर्भ्याच्या खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प. प्लँट बंद पडतात ते चहाच्या कपांमुळे आणि लिंबाच्या सालींमुळे. वेगळं करणारी मावशी हीच या प्रकल्पाची खरी इंजिनिअर, तिचा पगार बजेटमध्ये आधी घाला.

सातवी पायरी: स्टेशन ते गेट

आपल्या भागाचं नशीब असं की बहुतेक मुलं लोकलनेच येतात. हार्बर, ट्रान्स-हार्बर, २०२४ पासून उरणपर्यंतची लाइन, आणि नोव्हेंबर २०२३ पासून खारघरमधून जाणारी बेलापूर-पेंधर मेट्रो. मुलगा बाइक घेतो तो शेवटच्या दोन किलोमीटरसाठी: रिक्षा मिळत नाही, फुटपाथवर ऊन रणरणतं. म्हणून एनएमएमटी किंवा टीएमटीकडे वेळापत्रकासह लेखी मागणी करा, ‘दहा मिनिटं आधी बस हवी’ इतकी नेमकी. थांबा गेटला लागून, पार्किंग मागे. तासिका ८.०० ऐवजी ८.२० ला सुरू केल्याने अख्खी एक लोकल मिळत असेल तर तेही करून बघा.

आठवी पायरी: आता झाडं

झाडाचा खरा उपयोग सावलीचा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर कार्यक्रमाला बसलेल्या माणसांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. आपल्या दमट उन्हात गेटपासून वर्गापर्यंतचा रस्ता सावलीत असणं ही चैन नाही. करंज, ताम्हण, बकुळ, जांभूळ, कदंब आणि मोठ्या मोकळ्या जागेत वड. गुलमोहर आणि पेल्टोफोरम (सोनमोहर) वादळात फांद्या टाकतात, ते वाटेवर नकोत. बुंध्याभोवती कॉंक्रीट आवळू नका. आणि जुनं झाड वाचवायला इमारत चार मीटर सरकवा. नवी शंभर रोपं त्याची बरोबरी करेपर्यंत तुमचे विद्यार्थी निवृत्त होतील.

शेवटी कुणाची सही

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकसाठी ग्रीन ऑडिट होतं, तपासणीच्या आदल्या दिवशी कुंड्या येतात, तपासणी झाल्यावर परत जातात. ते टाळायचं तर कॅम्पसमधल्या प्रत्येक यंत्राचं मरण्याचं वर्ष एका तक्त्यात लिहा: एसी, पंप, डीजी सेट, ट्रान्सफॉर्मर, वॉटरप्रूफिंग. ज्या वर्षी ते बदलायचंच आहे त्या वर्षी चांगलं घ्या. आधी फेकू नका, उशिरा घाईत घेऊ नका. विजेत वाचलेल्या पैशातला निम्मा वाटा वेगळ्या खात्यात ठेवायचा ठराव करून घ्या, पुढचं काम त्यातून. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्रीचं रीडिंग.

त्या खारघरच्या कॉलेजात वॉचमनच्या वहीत आता ‘रात्री २’ असा एक रकाना आहे. गेल्या वेळी गेलो तेव्हा त्यात ११ लिहिलं होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘बोर्ड चालू राहिला’.